जीरूचा 'ये' आणि घरातले बाकीचे 'ये'

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. साडेचार महिन्यांचा लॅब्राडॉर, नाव जीरू. (पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यावरून ठेवलंय हे वाचून मजा वाटली. इंदुरात माझ्याकडे आतापर्यंत दोन 'पोहा' आणि एक 'कचोरी' नावाची कुत्री शिकून गेलीत.) सुदामानगरात घर, घरात सहा माणसं, त्यात सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. बिस्किटाचा पुडा वाजला की जीरू स्वयंपाकघरात मुकाट बसतो, गच्चीवर बसत नाही, आणि गल्लीत तर तुमच्याकडे बघतही नाही. हाक मारली की उलटा पळतो. सासूबाईंच्या साडीचा काठ आणि मुलांच्या पोटऱ्या चावतो. शेजारचे म्हणतात नाकावर एक ठेवून द्या, एक ट्रेनर म्हणाला सहा महिन्यांचा होऊ द्या मग बघू. आणि तुमचं शेवटचं वाक्य: "लॅब असून हा एवढा हट्टी कसा?"

हट्टी मला तरी वाटत नाही. तुम्ही ओघात एक गोष्ट लिहून गेलात, मी तिथेच अडकलो. "मी 'बस' म्हणते, हे 'सिट' म्हणतात, मुलं 'बैठ जीरू बैठ' करतात आणि सासूबाई 'बैस रे बाळा' म्हणतात." एका कामाला चार शब्द झाले. पण त्याहून मोठी अडचण उलटी आहे: एका शब्दाला घरात चार कामं आहेत.

आपल्या इंदुरी मराठी घरांची ही खास गंमत आहे. पुण्यातल्या पिल्लाला हा त्रास कमी. 'बस' म्हणजे मराठीत खाली बस. पण वाढताना सासूबाई 'बस बस, पुरे' म्हणतात, मुलांचं भांडण सोडवताना तुम्ही 'बस करो अब' म्हणता, आणि सकाळी शाळेची 'बस' येते तेव्हा सगळं घर धावत सुटतं. 'ये' तर त्याहून वाईट. मराठीत 'ये' म्हणजे माझ्याकडे ये. हिंदीत 'ये' म्हणजे हे. ये क्या है, ये किसने रखा, ये वाला नहीं. कामाला येणाऱ्या बाईंशी हिंदी, सासूबाईंशी मराठी, मुलांशी दोन्ही, आणि जीरू या सगळ्यांच्या मध्ये फरशीवर पडलेला. मागे लोकमान्य नगरात एका घरी अशाच तक्रारीसाठी गेलो होतो. चहा येईपर्यंत खिशातले फुटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत बसलो, घरात कोणीही 'ये' उच्चारला की एक. चहा संपेतो एकतीस फुटाणे झाले होते आणि त्यातला एकही 'ये' कुत्र्यासाठी नव्हता. बत्तिसावा त्याच्यासाठी आला तेव्हा त्याने कानसुद्धा हलवला नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हलवला नसता.

जुन्या माणसांना हे बरोबर कळत होतं. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी कुत्र्याला भाकरी टाकायला कशी हाक मारायचे. 'यूऽ यूऽ यू' सांगतील. हाकलायचं तर 'हाड', अंगावर सोडायचं तर 'छू'. या तिन्ही शब्दांत माणसाला उद्देशून वापरण्यासारखा एकही नाही. (आता 'हाड' माणसालाही म्हणतात, पण ते भांडण वेगळं.) कुत्र्याला अर्थ कळत नसतो, त्याला आवाज कळतो, आणि जो आवाज फक्त त्याच्याच वाट्याला येतो तो लवकर कळतो. म्हणून मी तुमच्याकडे आलो असतो तर पहिल्या दिवशी जीरूला हातही लावला नसता. सहाही जणांना बसवून शब्द ठरवले असते. बसण्यासाठी 'सिट'. इंग्रजी म्हणून नाही, घरात दुसऱ्या कोणाला आपण 'सिट' म्हणत नाही म्हणून. बोलावण्यासाठी 'यू यू'. तोंडातलं टाकण्यासाठी 'सोड'. बक्षिसाआधीचा एक ठरलेला शब्द, मी 'येस' वापरतो, तुम्ही 'शाब्बास' ठेवा. फक्त मुलांच्या मार्कांसाठी तो वापरू नका. हे शब्द जाड पेनाने लिहून फ्रिजवर चिकटवा. चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याला फिरवायचं, असा दंड एका घराने ठेवला होता. आठवड्यात सगळे सुधारले.

पुढे जाण्याआधी, कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण न बघता सगळं छातीठोक सांगता येत नाही. जीरू तुमच्याकडे कितव्या आठवड्यात आला ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे विकणारे महिन्याचं पिल्लूही हातात देतात. आई आणि भावंडांबरोबर निदान आठ आठवडे काढलेलं पिल्लू किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून निघून जातो, हे तिथेच शिकून येतं. लवकर तोडलेल्याला ते आपण शिकवायचं, मग वेळ जास्त. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सहज आपलं म्हणतं. जीरूचा तो काळ गेला आहे. दार बंद झालं असं नाही, पण आता दार ढकलावं लागतं. लसींचा पहिला कोर्स, विशेषतः पार्वोचा (पिल्लांना जुलाब-उलट्या करणारा विषाणू) सोळाव्या आठवड्याच्या सुमाराचा डोस, आणि तीन महिन्यांनंतरची रेबीजची लस झाली आहे ना, ते आधी डॉक्टरांकडून पक्कं करा. तोवर गल्लीतल्या मातीत नाक घालू देऊ नका. आणि घरात मागून हलकी टाळी वाजवली तर तो वळतो का, तेही बघून ठेवा. दोनदा असं झालंय की 'हट्टी' म्हणून आणलेल्या पिल्लाच्या कानात जुनं इन्फेक्शन निघालं.

आता मुख्य काम. बसायला शिकवताना बहुतेक लोक शब्दापासून सुरुवात करतात. मी शब्द शेवटी आणतो. दुपारी घर शांत असताना, जेवणाच्या आधी, म्हणजे पोटात थोडी भूक असताना, त्याच्यासमोर उभं राहा. चिमटीत पनीरचा तुकडा, ज्वारीच्या दाण्याएवढा, मोठा नको. तो नाकाला जवळजवळ टेकवा आणि नाकावरून हळूच डोक्याच्या मागे न्या, दोन कानांच्या मधून, जणू त्याच्या कपाळाला टिळा लावून हात मागे चाललाय. नाक वर गेलं की बूड खाली जातंच, ती शरीराची रचनाच आहे. हात फार वर नेलात तर तो उडी मारेल, म्हणजे चूक हाताची. बूड फरशीला टेकलं त्या क्षणी 'शाब्बास', आणि लगेच तुकडा तोंडात. उठल्यावर दिलात तर तुम्ही त्याला उठायला शिकवलंत. असं पाच-सहा वेळा झालं की रिकाम्या चिमटीने तोच हात फिरवा आणि तुकडा दुसऱ्या हातातून द्या. हे जमलं पाहिजे, नाहीतर तुमच्यासारखं होतं: पुडा दिसला तर बसतो, नाही दिसला तर तू कोण. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात फिरला की बसणारच याची तुमचीच खात्री पटली की मग हात हलवण्याच्या किंचित आधी, एकदाच, 'सिट'. एकदाच म्हणा. "सिट, सिट, सिट ना रे" म्हणालात तर तो चौथ्या 'सिट'ला बसायचं असं शिकतो, आणि ते तो अगदी प्रामाणिकपणे शिकतो.

आधी-नंतरचं हे कोडं इंदूरकरांना समजावणं सोपं आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते आणि अर्धी गल्ली डबे घेऊन दारात येते. गाणं आधी, गाडी नंतर, रोज, न चुकता. म्हणून गाणं ऐकूनच पाय चालायला लागतात. गाडी निघून गेल्यावर गाणं वाजलं असतं तर 2017 पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर लागला नसता. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने कुत्र्यांच्या लाळेवरून हेच दाखवलं. तो तसा पचनाचा अभ्यास करणारा माणूस, 1904 चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. 'शाब्बास' हे तुमच्या गाडीचं गाणं आहे. ते वाजलं की तुकडा आलाच पाहिजे, दर वेळी. बसण्याच्या कामासाठी तुकडे पुढे कमी करता येतात, कधी तिसऱ्याला, कधी पाचव्याला द्यायचा, त्याने काम उलट पक्कं होतं. पण मग न देण्याच्या वेळी 'शाब्बास'ही म्हणायचं नाही, पाठ थोपटायची आणि पुढे चालायचं.

तुमची हाकेची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती एक दिवस रस्त्यावरच्या टेम्पोसमोर कामाला येणार आहे. गेल्या आठवड्यात जीरूला कशाकशासाठी हाक मारलीत ते आठवा. आंघोळीला. कान साफ करायला. खेळ बंद करून बांधायला. चप्पल फाडली तेव्हा ओरडायला. म्हणजे 'ये'चा अर्थ त्याने बरोबर काढलाय: जवळ गेलं की मजा संपते. मग तो उलटा पळतो यात त्याचं काय चुकलं? म्हणून जुना शब्द आता सोडून द्या, तो खराब झालाय. 'यू यू' नवा कोरा आहे आणि त्यावर नियम एकच: या हाकेवर जवळ आलेल्या जीरूला कधीही, काहीही वाईट अनुभव येता कामा नये. आंघोळ घालायची असेल तर स्वतः उठून त्याच्याकडे जा.

सुरुवात दोन माणसांमध्ये करा. हॉलच्या दोन टोकांना तुम्ही आणि मुलगा, मुठीत तुकडे. एकाने हाक मारायची, खाली बसून, हात पसरून. तो आला की छातीखालच्या पट्ट्याला (हार्नेसला) अलगद हात लावायचा आणि मग तुकडा. हात लावणं विसरू नका, नाहीतर पुढे तो तुकडा घेऊन हाताबाहेर निसटायला शिकतो. अशी चलाख लॅब मी खूप पाहिली. मग दुसऱ्याने हाक मारायची. सहा-सात फेऱ्या झाल्या की बंद, त्याला अजून हवं असतानाच. हॉलनंतर जिना, मग गच्ची, मग अंगण, आणि गल्लीत जायच्या आधी पाच-सहा मीटरचा साधा सुती दोर. दोर हार्नेसला बांधा, गळपट्ट्याला नको. दोर संपताना मानेला हिसका बसतो. दोर ओढून आणण्यासाठी नाही, तो फक्त पळून जाण्याची मजा त्याला मिळू नये म्हणून. बोलावून आला, तुकडा खाल्ला, की दहातल्या आठ वेळा त्याला परत खेळायला सोडा. पकडून घरी नेलंत तर पुन्हा जुन्या 'ये'ची गोष्ट.

गच्चीवर बसत नाही याचं कारणही यातच आहे. आपण 'सिट' शिकलो की कुठेही बसतो. पिल्लू 'सिट' शिकत नाही, ते 'स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, आई समोर असताना सिट' शिकतं. जागा बदलली की थोडं मागे जाऊन पुन्हा शिकवावं लागतं, हातासकट. प्रत्येक नव्या जागी वेळ कमी लागतो, पण पहिल्या दोन-तीन ठिकाणी तुम्हाला वाटेल की सगळं विसरला. विसरलेला नसतो. गल्लीत तर गायी, भटकी कुत्री, शेजारच्या गेटखालून येणारा वास, भजी तळल्याचा वास. तिथे बिस्किट म्हणजे काहीच नाही. घरात फुटाणे चालतील, बाहेर पनीर किंवा उकडलेलं अंडं न्या, चालत असेल तर चिकन. आणि कचऱ्याची गाडी लांबून ऐकू आली की गेटच्या आत, लांबवर उभं राहून तुकडे द्यायला लागा, गाडी गेली की बंद. आता तो भुंकत असेल तर पंधरा दिवसांत गाणं वाजलं की तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल. उन्हाळ्यात दुपारी मात्र नेऊ नका. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजतात.

चावण्याबद्दल थोडक्यात. चार महिन्यांच्या सुमाराला दुधाचे 28 दात पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के येतात. म्हणजे हिरड्या शिवशिवतायत. ओला रुमाल पिळून फ्रीझरमध्ये टाका आणि तो चावायला द्या, किंवा थंड गाजर. दात माणसाला लागला की खेळ तिथेच संपवा, उठून दाराबाहेर जा, अर्ध्या मिनिटाने परत या. ओरडणारी, हात झटकत पळणारी मुलं त्याला शिकारीसारखी वाटतात, मुलांना 'झाड' व्हायला शिकवा, हात काखेत, तोंड फिरवून. सासूबाईंच्या साडीचा काठ हलतो, म्हणून ओढतो. त्या चालताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, त्यांना पडायची भीती जास्त आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला जीरूच्या अंगात वारं शिरत असेल तर तो बहुधा झोपेवाचून चिरडीला आलेला असतो. या वयाला सोळा-अठरा तास झोप लागते आणि सहा माणसांच्या घरात त्याला कोणी झोपूच देत नाही. चावून रक्त आलं तर, पिल्लू घरचं असलं आणि लस झालेली असली तरी, साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

नाकावर मारणं आणि सहा महिने थांबणं, हे दोन्ही सल्ले एकाच जुन्या पद्धतीतून आलेत. त्यात गळ्यात साखळी असायची आणि चुकलं की झटका. झटका सोसायला मान तयार हवी, म्हणून सहा महिने. मीही तसाच शिकलो आणि पहिली काही वर्षं तसंच शिकवलं, त्यामुळे वरून बोलत नाहीये. एका बंगल्यातला अल्सेशियन दीड महिन्यात मी घडवला होता, बस म्हटलं की दगडासारखा बसायचा. मालक खूष, पैसे पूर्ण मिळाले. काही महिन्यांनी त्याच रस्त्याने जाताना सहज आत डोकावलो. स्कूटर लावली आणि किल्ल्या खिशात टाकताना खुळखुळल्या. दिवाणखान्यात पसरलेला तो कुत्रा उठला आणि पोट फरशीला घासत दिवाणाखाली गेला. किल्ल्यांचा आवाज साखळीसारखा होता. मालक हसत म्हणाले, "बघा, अजून तुम्हाला मानतो." मी चहा न घेता निघालो. साखळी त्यानंतर बराच काळ सुटली नाही, सवय होती आणि दुसरं येत नव्हतं. पण किल्ल्या मी तेव्हापासून रुमालात गुंडाळून ठेवतो.

तेव्हा सहा महिने थांबू नका, आजपासून करा, पण तीन-तीन मिनिटांचं, दिवसातून चार-पाच वेळा. तुकड्यांचा हिशोब रोजच्या जेवणातून वजा करा, लॅब फुगायला वेळ लागत नाही. ताटातलं काही देऊ नका. पोह्यांत कांदा असतो, शिऱ्यात बेदाणे, दोन्ही कुत्र्याला विषारी, चॉकलेटही. प्रसादाचे बेदाणे मुलं प्रेमाने भरवतात, त्यांना हे आज रात्रीच सांगा.

'थांब' आणि पट्ट्यावर नीट चालणं अजून महिनाभर बाजूला ठेवा. बसणं आणि हाक या दोनच गोष्टी, सहाही जणांकडून, त्याच शब्दांत. 'यू यू'ची पहिली शिकवणी सासूबाईंकडे द्या. त्यांनी अंगणात खुर्चीवर बसून, मांडीवर वाटी घेऊन, लहानपणच्या सुरात हाक मारायची, तुम्ही दोर धरून मागे उभं राहायचं. जीरू साडीपर्यंत पोचायच्या आत तुकडा त्याच्या नाकाशी आलेला हवा. त्या घरात चावायला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक त्याच आहेत, आणि खाऊही त्यांच्याचकडे मिळतो हे कळलं की काठ सुटेल. फुटाणे बिनमिठाचे घ्या, साल काढून, अर्धे करून.